सूतभर चढं

१९८६ साल. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो, आणि अहमदपुरात माझ्यासारखा हात दुसऱ्या सुताराचा नव्हता. हे गाव म्हणायचं. गाव म्हणायचं म्हणून मलाही ते खरं वाटायचं. त्या साली जून महिन्यात एक माणूस एस.टी. स्टँडवर उतरला आणि रिकाम्या हातांनी वारा मारत बाजारातून चालत गेला. दोन्ही मुठी एकीवर एक, उजव्या खांद्याजवळ धरलेल्या. दहा पावलं चालायचा, थांबायचा, डोळे बारीक करायचा, आणि समोर चिटपाखरू नसताना सप्पकन हात फिरवायचा. मग खाली ठेवलेली पिशवी उचलून पुन्हा चालू लागायचा. स्टँडसमोरचा हॉटेलवाला शिवाप्पा मला म्हणाला, "ओ मिस्तरी, ह्याला वारं लागलंय का काय?"

ते सर होते. त्यांचं पूर्ण नाव मला ठाऊक आहे, पण मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, तेव्हा इथंही सरच म्हणतो.

सर बिलोलीकडचे. बौद्ध घरातले, वय अठ्ठावीस-एकोणतीस. आमच्या इथल्या कॉलेजात खेळाचे सर म्हणून आले होते, तेही टेंपरवारी. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या घरात प्रत्येक खुंटीला काहीतरी अडकवायची घाई असते, तशी तेव्हा सगळ्यांनाच घाई होती. नव्या जिल्ह्याचं हे पाहिजे, नव्या जिल्ह्याचं ते पाहिजे. कॉलेजच्या मोठ्या साहेबांनी सरांना सांगितलं, "कबड्डी-खोखोत आपला नंबर लागायचा नाही, तिथं रांग लांब आहे. बेसबॉलला रांगच नाही. एक वर्ष देतो. वर्षात एक सामना जिंकून दाखवा. जिंकलात तर खेळ राहील, तुम्हीही राहाल. नाहीतर दोघांनाही रामराम." हे सरांनीच मला पहिल्या दिवशी हसत हसत सांगितलं. बिलोलीला आई, दोन बहिणी आणि कोरडवाहू चार एकर होतं, हे मात्र पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

पहिल्या दिवशी ते माझ्या शेडमध्ये एक पुठ्ठा घेऊन आले. नांदेडच्या एका शिबिरात खरी बॅट पुठ्ठ्यावर ठेवून त्यांनी भोवती पेन्सिल फिरवली होती आणि कात्रीनं तो आकार कापून आणला होता.

"मिस्तरी, हे लाकडात उतरवून पाहिजे."

"काय हाय हे? मुसळ का?"

"बॅट आहे. बेसबॉलची. गोल असते."

"गोल बॅट?" माझ्याकडे दोन-तीन गिऱ्हाईकं बसली होती, त्यांच्याकडे बघून मी म्हणालो, "चपटं फळकूट असून आपल्या पोरांना बॉल लागत न्हाई. गोल लाकडाला कसा लागंल वो?"

सरांना राग आला नाही. त्यांनी मुठी खांद्याजवळ धरल्या, डोळे बारीक केले आणि हात फिरवला. "नजर बसली की हात बसतो, मिस्तरी," ते म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. उठता-बसता हेच. पुढं वर्षभर मी ते इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही पाठ म्हटलं असतं. अर्थ कळायला एकोणचाळीस वर्षं गेली.

चार बॅटी पाहिजेत म्हणाले. पैशाचं विचारलं तर मी हात झटकला. "नवा जिल्हा हाय. माझ्याकडून घ्या." गिऱ्हाईकांसमोर म्हणालो. माझी शाळा तिसरीत सुटलेली, आणि आता कॉलेजची पोरं माझ्या हातचं लाकूड घेऊन नांदेडशी खेळणार होती. त्या दिवशी मी शेडमध्ये जरा मोठ्यानं बोलत होतो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझा बाप म्हणायचा, लोहारानं आखूड ठेवावं, सुतारानं चढं ठेवावं. लोखंड कमी पडलं तर ठोकून वाढवता येतं. लाकूड एकदा तासलं की गेलं. शिवाय लाकूड वाळताना आक्रसतं. म्हणून माप घेतलं की रेघ मापाच्या बाहेर, सूतभर चढी मारायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चौकट असो, गाडीचं चाक असो, आधी चढं ठेवायचं, लाकडाला एक हंगाम खाऊ द्यायचा आणि मग रंधा मारून मापात आणायचं. मी पुठ्ठा बाभळीवर ठेवला आणि चारी बॅटींची रेघ सगळीकडून सूतभर चढी मारली. वरच्या जाड भागाला चढी, खाली मुठीलाही चढी. बापानं शिकवलं तसं.

पण ती बाभूळ त्या सालची होती. आधीच्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, त्या वर्षीही लक्षण धड नव्हतं. बांधावरची झाडं उभ्या उभ्या वाळून गेली होती. त्या लाकडात आक्रसायला काही उरलंच नव्हतं. तीस वर्षं लाकडात हात घालणाऱ्या माणसाला हे बोटांनीच कळायला पाहिजे होतं. करवत चालवताना भुसा पिठासारखा उडत होता, दातात जात होता, तरी मला कळलं नाही.

आमच्या घरचीनं, कौसल्येनं, पहिली तयार बॅट हातात धरली आणि जमिनीवर टेकवली. "अगं बाई! अहो, ह्यानं पोरं बॉल मारणार का हळद कांडणार?"

"तू भाकरी थाप," मी म्हणालो.

"थापते की. पण हे लई जड हाय."

"हत्यार जडच असतं."

सरांनी चारी बॅटी उचलून बघितल्या. एक फिरवली. मग थोडं थांबले, पुन्हा फिरवली. "मजबूत आहेत," ते म्हणाले. मी त्याला शाबासकी समजलो.

मजबूत होत्याच. वर्षभरात माझी एक बॅट मोडली नाही. हे मी स्टँडवर, बाजारात, लग्नात, मौतीला, जिथं जाईन तिथं सांगायचो. बॉल लागतो का, हे कोणी विचारलं की मी म्हणायचो, ते पोरांचं काम, माझं नाही.

बॉल लागत नव्हता. कॉलेजचं मैदान म्हणजे काळी रानजमीन, पाण्यावाचून तडकलेली. भेगा अशा की बॉल भेगेत गेला तर पोरगं पालथं पडून कोपरापर्यंत हात घालून काढायचं. पण बॉल भेगेत जायला आधी तो बॅटला लागायला पाहिजे. नऊ पोरं ओळीनं उभी राहायची, सर लांबून बॉल टाकायचे, आणि पोरगं जीव खाऊन बॅट फिरवायचं तोवर बॉल मागच्या भिंतीवर आपटलेला असायचा. ह्या खेळात तीनदा हुकलं की माणूस बाद. आमची पोरं तीन बॉलांत परत यायची, पाणी प्यायला गेल्यासारखी. संध्याकाळी गाव बघायला जमायचं. शिवाप्पा खेळाला बेसनबॉल म्हणायचा. एक दिवस तो ओरडला, "अरे, काय गार वारा येऊन राहिला रे! पंखा टीम हाय ही, पंखा टीम!" त्या दिवसापासून संघ पंखा टीम झाला आणि सर पंखेसर झाले.

बॉलला मार का लागत नाही, ह्याचं उत्तर गावात प्रत्येकाकडे होतं. कोणी म्हणे पोरांना क्रिकेटची खोड लागली, बॅट उभी धरतात. कोणी म्हणे विटीदांडूचा हात आहे, खालून उचलतात. अडत दुकानदार म्हणाला, मैदानाचं तोंड चुकलंय, उन्हं डोळ्यात जातात. कोणी म्हणे, ज्वारीची एक भाकर खाऊन जोर कुठून आणायचा? सर सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे. मला एकदा म्हणाले, "मिस्तरी, खरं सांगू का? दोन वर्षं झाली, पोरांना आभाळाकडं बघायची सवय लागलीय. समोरून काय येतंय ते बघतच नाहीत." असं बोलून हसले. मीही हसलो. बॅटीचं नाव कोणी काढत नव्हतं. मिस्तरीच्या हातच्या वस्तूत खोट असंल हे गावात कोणाच्या मनात येणं शक्य नव्हतं, आणि आलं असतं तरी माझ्या तोंडावर बोलणारा नव्हता.

एकदाच आलं ते नाव. पोळ्याच्या आधीची गोष्ट. सर एक बॅट घेऊन शेडमध्ये आले. सोबत दिगंबर होता, संघाचा कप्तान. हदगावकडचा पोरगा, उंच, आमच्या गल्लीत मामाकडे राहून शिकायचा. शेडमध्ये चार माणसं बसलेली. सर बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "मिस्तरी, एक विचारायचं होतं. ही जरा उतरवता येईल का? थोडीशी. मुठीला तरी."

मला नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. उतरवायचीच होती, चढी ठेवली ती त्यासाठीच होती. पण चार माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली, आणि माझं डोकं फिरलं.

"माझ्या हातचं लाकूड मापात असतंय, सर," मी म्हणालो. "पोरांच्या मनगटात जोर नसंल तर ते बघा. शिकवायला तुम्हाला ठिवलंय."

एवढंच बोललो. पण बोलण्यात शब्द किती आणि आवाज किती, हे ऐकणाऱ्याला कळतं. तो माणूस कोणत्या घरातला, वयानं माझ्यापेक्षा किती लहान, आणि माझ्या दारात उभं राहून मला माझं काम शिकवतो, हे सगळं त्या आवाजात होतं. माझं मला ठाऊक आहे. दिगंबरची मान खाली गेली. सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मनगटाचंच बघतो." आणि बॅट घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खरंच मनगटाचं बघायला घेतलं. आमच्या गल्लीच्या तोंडाला जुनी आड-विहीर आहे. पाणी इतकं खाली गेलेलं की पोहरा सोडला की आवाज यायला वेळ लागायचा. बायका पहाटेपासून ओळीनं उभ्या. सरांनी नऊच्या नऊ पोरं आणून विहिरीवर उभी केली. "मायहो, बाजूला व्हा. आजपासून शेंदायचं काम आमच्या पोरांचं. दोर ओढला की मनगट होतं." बायका हसल्या, मग बाजूला झाल्या. स्वतः सरही ओढायचे. माझ्या बापाच्या काळी त्या विहिरीच्या कट्ट्याला सरांच्या माणसांना हात लावू देत नव्हते. त्या दुष्काळात आख्ख्या गल्लीचं पाणी सरांनी शेंदलं, आणि कोणी तोंड उघडलं नाही. माझ्या घरचे दोन रांजण रोज तेच भरायचे. मी आत बसून चहा प्यायचो.

पाणी खाली खाली जात होतं. दर आठ-पंधरा दिवसांनी दोराला नवा तुकडा जोडावा लागायचा. पोरांची मनगटं खरंच झाली, पण तळहात गेले. काथ्याच्या दोरानं सालटी निघाली, फोड आले, फुटले. अशा हातांनी ती बाभळीची जाड मूठ धरायची. एक दिवस कौसल्येनं दिगंबरला दारात बसवून त्याच्या तळव्याला तेल-हळद लावली. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोराचे हात बघितलेत का? तुमच्या मुसळापायी."

"माझ्यापायी का? दोरापायी," मी म्हणालो.

"दोर कोणापायी?"

मी उठून शेडमध्ये गेलो.

हिवाळ्यात नांदेडला सामना ठरला. हा हरलो तर लातूरला आणखी एक, आणि मग वर्ष संपलं. मीही निघालो संघाबरोबर. माझ्या बॅटी नांदेडच्या मैदानावर बघायच्या होत्या. लोहा गावावरनं एस.टी. जाते. चारी बॅटी मी धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या, कोणाला उचलू दिल्या नाहीत. सर पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताचं मनगट दाबत होते.

नांदेडच्या पोरांनी आमचं दुखणं पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. बॅट वेळेवर यायची नाही म्हणून आमची पोरं बॉल सुटायच्या आधीच फिरवायला लागायची. सरच ओरडायचे, "लवकर! लवकर काढ!" नांदेडच्या बॉल टाकणाऱ्यानं ते बघितलं आणि बॉल हळू टाकायला सुरुवात केली. झालं. आमची बॅट फिरून जमिनीला टेकायची तेव्हा बॉल आरामात येत असायचा, वरातीतल्या घोड्यासारखा. बघणारे पोट धरून हसायला लागले. ह्या खेळात बॉल मारून चार ठिकाणांना पळत वळसा घालायचा असतो; आमचं एक पोरगं पहिल्या ठिकाणापर्यंतसुद्धा पोचलं नाही.

मग त्यांच्या एका पोरानं बॉल असा मारला की तो कुंपणाबाहेर गेला आणि त्याची बॅट मुठीजवळ मोडली. मी टाळी वाजवली. उभा राहून ओरडलो, "बघा! मोडली का न्हाई? आमची मोडंल का? न्हाई मोडायची!" मोडका तुकडा उडून माझ्या पायाशी आला होता. मी तो उचलला.

आणि तिथंच मला कळलं. मूठ माझ्या अंगठ्याएवढी बारीक. लाकूड हलकं, चिवट. ते हातात धरल्यावर आपोआप फिरावंसं वाटत होतं. मुठीचा घेर मी बोटांनी मोजला. पुठ्ठ्याएवढाच होता, बरोबर पुठ्ठ्याएवढा. मी खाली बसलो आणि तो तुकडा बाकाखाली सरकवला.

त्यांचा कप्तान भला पोरगा होता. मधल्या वेळात दुसरी बॅट घेऊन आमच्याकडे आला, दिगंबरला म्हणाला, "अरे, तुमच्या बॅटी लई जड दिसून राहिल्यात. ही घेऊन बघ ना." दिगंबरनं हात पुढं केला. मग माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. सरांनीही माझ्याकडे बघितलं. मी बुटाची नाडी बघत होतो.

"राहू द्या," सर म्हणाले. "आमचं हत्यार आहे आमच्याकडं."

परतीच्या गाडीत सर माझ्या शेजारी बसले. लोहा आलं, लोहा गेलं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, "सर, सूतभर चढं राहिलंय. उद्या उतरवतो." पाच-सहा शब्द. ते माझ्या तोंडात होते, अडकित्त्यात सुपारी अडकावी तसे. लातूरचा सामना आठ दिवसांनी होता. चार बॅटींना दोन दिवस लागले असते. त्या आठ दिवसांत मी एका घरच्या पाटाचे पाय बसवले, दोन कुऱ्हाडींना दांडे घातले, रोज शेडमध्ये वेळेवर बसलो, आणि पुठ्ठा टांगला होता त्याच खिळ्यावर, त्याच्यावरून, कॅलेंडर अडकवलं.

सर रोज शेडवरून जायचे. दाराशी आले की पाऊल जरा हळू व्हायचं. मला वाटायचं, आता विचारतील, आता विचारतील. विचारलं असतं तर दिली असती उतरवून, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो.

लातूरला मी गेलो नाही. दिगंबरनं येऊन सांगितलं. एकही मार लागला नाही.

मग कॉलेजात सरांना बोलावून विचारणं झालं. तिथल्या शिपायानं मला जसंच्या तसं सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, वर्षभरात एक मार लागू नये म्हणजे काय? सर म्हणाले, "मुलांची नजर बसवण्यात मी कमी पडलो." साहेबांनी विचारलं, "साहित्यात काही खोट होती का?" सर म्हणाले, "नाही. बॅटी चांगल्या होत्या. मिस्तरीची एक बॅट मोडली नाही."

शिपाई हे कौतुकानं सांगत होता. त्याला वाटलं मी खूश होईन.

गावाला जायच्या दिवशी सर शेडमध्ये आले. त्या दिवशी कोणी नव्हतं. एक बॅट त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "ही तुमच्याकडं राहू द्या, मिस्तरी. आठवण." कौसल्येनं चहा आणला, तो त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. मग कॅलेंडरचा कोपरा वर करून बघितला. "पुठ्ठा अजून आहे की."

"हाव," मी म्हणालो.

"असू द्या. काम पडंल." आणि बराच वेळ ते तसेच कॅलेंडरचा कोपरा धरून उभे राहिले. मी पटाशीला धार लावत होतो. धार लागलेलीच होती. शेवटी त्यांनी पिशवी उचलली, कौसल्येला म्हणाले, "येतो, माय," आणि स्टँडकडे गेले. त्या दिवशी चालताना त्यांनी हात फिरवला नाही. मी दारात उभा राहून बघितलं. एकदाही फिरवला नाही.

बॅट मी शेडमध्ये दर्शनी भागी लावली. लोक विचारायचे, मी सांगायचो. एकसुद्धा मोडली नाही माझी. सांगता सांगता मी म्हातारा झालो. कौसल्या गेली. शेड पोरानं फर्निचरचं दुकान केलं, मशिनी आणल्या. माझं सामान मागच्या खोलीत आलं, त्यात बॅट आणि पुठ्ठाही आला.

आज मी पंच्याऐंशी वर्षांचा आहे. परवा दुपारी एक पांढऱ्या मिशीचा माणूस दारात आला आणि वाकून पाया पडला. "मिस्तरी, ओळखलं का? दिगंबर. पंखा टीम." मी त्याचे हात हातात घेऊन बघितले. तळव्यावर आता काही नव्हतं.

सर गेले, हे सांगायला तो आला होता. अहमदपुरात आता दुसरं कोणी सांगण्यासारखं राहिलं नाही म्हणाला. सर बिलोलीकडे एका शाळेत लागले होते, लई उशिरा लागले. मधली सहा-सात वर्षं हाल झाले. धाकट्या बहिणीचं लग्न जमून मोडलं ते त्यातच. बेसबॉलचं नाव पुन्हा काढलं नाही. पण रस्त्यानं चालताना हात फिरवायचे, शेवटच्या वर्षीही, काठी खाली ठेवून.

मी विचारलं. एवढ्या वर्षांत जे कोणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "दिगंबर, बॅटी जड व्हत्या. तुम्हाला कळत व्हतं का?"

"सगळ्यांना कळत व्हतं, मिस्तरी."

"मग दुसऱ्या सुताराकडून उतरवून का न्हाई घेतल्या?"

त्यानं खिशातून रुमाल काढला. मग म्हणाला, "मीच म्हणलो व्हतो सरांना, नांदेडहून आल्यावर. म्हणलो, उदगीरला नेतो, एका दिवसात करून आणतो. तर सर म्हणले, नको. मिस्तरीनं नांदेडला तो तुकडा उचलून मोजला, मी बघितलंय. आता ते स्वतः म्हणतील. थांबा दोन-चार दिवस." दिगंबरनं रुमालानं तोंड पुसलं. "आम्ही रोज विचारायचो, मिस्तरी काही म्हणले का? सर म्हणायचे, थांबा रे, त्यांची नजर आत्ताच बसलीय. नजर बसली की हात बसतो."

तो चहा पिऊन गेला. मी दिवे लागले तरी तिथंच बसून होतो. सुनेनं जेवायला हाक मारली, मी गेलो नाही.

काल सकाळी उठलो ते मागच्या खोलीत गेलो. बॅट खाली काढली, पुठ्ठा काढला. वाळवीनं त्याचा एक कोपरा खाल्लाय, पण आकार शाबूत आहे. पुठ्ठा बॅटीवर ठेवला. सगळ्या बाजूंनी सारखं लाकूड बाहेर दिसत होतं. सूतभर. माझी चढी रेघ, एकोणचाळीस वर्षांनी जशीच्या तशी, केसभर आक्रसली नव्हती. रंध्याला धार लावली. हाताची पकड आता पुरत नाही, म्हणून बॅट दोन पायांत दाबून धरली. बाभूळ लोखंडासारखी झालीय, पहिल्यांदा पातं नुसतं घसरत गेलं. मग धरलं. वरचा भाग उतरवला, मूठ उतरवली, पुठ्ठा लावून बघितला, पुन्हा उतरवला. मापात आली तेव्हा उन्हं अजून उंबऱ्यापर्यंतही आली नव्हती. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला सुद्धा सकाळभर पुरलं नाही ते काम.